वेगवेगळ्या समाजांतली पात्रं घेतली की विनोदी चित्रपटातला विनोद बोथट होतो का?

नाही. बोथट होतो तो आळशी लेखनामुळे. तोतऱ्या पात्राच्या तोतरेपणावरच हसायचं असेल तर तो विनोद पाच मिनिटांत संपतो. तेच पात्र ऐन भांडणात अडखळत अडखळत एक खवचट वाक्य पूर्ण करतं आणि समोरच्याला ते शेवटपर्यंत ऐकत उभं राहावं लागतं, तेव्हा खरी गंमत.

२०१८ च्या 'क्रेझी रिच एशियन्स' या हॉलिवूडच्या विनोदी चित्रपटात जवळपास सगळे कलाकार आशियाई वंशाचे. त्यामुळे कोणा एकावर सगळ्या समाजाचं ओझं नाही: एक खडूस आई, एक आगाऊ मैत्रीण, एक दिखाऊ आतेभाऊ. याउलट नावापुरतं एकच पात्र घुसवलं की ते बिचारं सभ्य, शहाणं आणि कंटाळवाणं होतं. (पोस्टरवर मात्र पुढे!)