मतदार यादीत नाव नोंदवायची मुदत: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: यादी कधीतरी बंद करावीच लागणार, मग शेवटच्या तारखेवरून एवढी ओरड कशाला?

बंद करावी लागतेच, त्याबद्दल वादच नाही. अर्ज तपासायचे, हरकती ऐकायच्या, याद्या छापून केंद्रांवर पाठवायच्या, याला दिवस जातात. माझं म्हणणं एवढंच की जेवढे दिवस खरंच लागतात तेवढेच घ्या. ऑस्ट्रेलियाचं बघा, तिथं निवडणुकीचा आदेश निघाल्यावर नाव नोंदवायला ७ दिवस मिळायचे, २००६ मध्ये कायदा बदलला आणि नव्या मतदारांसाठी यादी आदेशाच्या दिवशीच रात्री ८ ला बंद व्हायला लागली. २०१० ला शनिवारी निवडणूक जाहीर झाली, सोमवारी आदेश निघाला आणि त्याच रात्री दार बंद! नुकतीच १८ पूर्ण झालेली एक मुलगी कोर्टात गेली, आणि तिथल्या सर्वोच्च कोर्टाने ४ विरुद्ध ३ मतांनी ती मुदत रद्द केली, मतदानाला फक्त १५ दिवस उरलेले असताना. तरी निवडणूक ठरल्या दिवशीच झाली. म्हणजे एवढी घाई करायची गरज नव्हतीच.

प्रश्न: पण मुदत लांबवली की बोगस नावं घुसतात ना?

काळजी रास्त आहे, पण बोगस नाव तपासणीने अडतं, तारखेने नाही. खोटा अर्ज करणारा महिनाभर आधीही करतोच की. कॅनडात मतदानाच्या दिवशी केंद्रावरच ओळख आणि पत्त्याचा पुरावा दाखवून नाव नोंदवता येतं, अमेरिकेत मिनेसोटा, विस्कॉन्सिनमध्ये १९७० च्या दशकापासून हेच चालू आहे. आणि एक गोष्ट लोक विसरतात, नावं वगळायची मुदत. अमेरिकेच्या १९९३ च्या कायद्याने नोंदणी मतदानाच्या ३० दिवसांहून आधी बंद करता येत नाही, पण सरसकट नावं वगळायचं काम मात्र ९० दिवस आधी थांबवावं लागतं. मला हा क्रम फार योग्य वाटतो, कारण चुकून नाव उडालं तर माणसाला ते कळायला आणि परत घालायला वेळ हवा.

प्रश्न: शेवटच्या दिवशी वेबसाइटच बंद पडली तर?

पडतेच हो. फ्लोरिडात ५ ऑक्टोबर २०२० ला शेवटच्या दिवशी साइट कोलमडली, मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत वेळ वाढवून दिला. त्याआधी २०१६ ला तिथंच चक्रीवादळामुळे मुदत वाढवायला कोर्टाला सांगावं लागलं. मी स्वतः एका मदत टेबलवर बसायचो, रात्री पावणेबाराला एक मुलगा आला, फोनची बॅटरी ४ टक्के, स्क्रीनवर ते गोल चक्र फिरतंय आणि फिरतंच आहे, आणि तो सारखा घड्याळाकडे बघतोय. त्याची चूक काहीच नव्हती. साइट बंद पडली तर तेवढा वेळ आपोआप वाढलाच पाहिजे, हे नियमातच लिहिलेलं असावं, त्यासाठी कुणाला कोर्टात जायला लागू नये. तोवर तुम्ही वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि अर्ज गेला तर पोचपावतीचा नंबर.

प्रश्न: माझं नाव आधीपासून आहे, फक्त घर बदललंय. मलाही मुदत लागू होते का?

बहुतेक ठिकाणी होते. भारतात यासाठी फॉर्म ८ आहे, आणि उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत बदल होत नाही. शिवाय अर्जावर हरकतींसाठी ७ दिवस जातात, तेव्हा निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका, आजच भरा.