दाखवणं आणि मांडणं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. टाइप करायला माझा अंगठा फार वेळ घेतो, म्हणून हे कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवतेय. अक्षर लागलं नाही तर आईकडून वाचून घे, आम्ही एका काउंटरवर बसायचो तेव्हापासून तिला ते लागतं.

झेंटँगलच्या पाच टाइल पाठवल्यास, म्हणजे पेनने बारीक नक्षी भरलेले कागदाचे पाच छोटे चौकोन. त्यातली पहिली तू ग्रुपवर टाकलीस, तिला अकरा अंगठे आणि चार पुष्पगुच्छ मिळाले. दुसरीला तीन अंगठे. तिसरी तू टाकलीच नाहीस, आणि पुढच्या दोन तर कुणाला दाखवायच्याच नव्हत्या, असं लिहिलंयस. मग विचारतोस, "काकू, हे मन शांत करायला स्वतःसाठी काढायचं असतं ना? मग दाखवायचं कशाला?" प्रश्न चांगला आहे. पण दुसरीला वीस अंगठे आले असते तर तुला तो पडला नसता. मलाही पडला नसता.

झेंटँगल कसं सुरू झालं ते तू कुठेतरी वाचलं असशीलच. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात व्हाइटिन्सव्हिल नावाचं गाव आहे, तिथले मारिया थॉमस आणि रिक रॉबर्ट्स. ती सुलेखनकार. या शतकाच्या सुरुवातीला कधीतरी ती एका मोठ्या अक्षरामागे बारीक नक्षी भरत बसली होती. वेळेचं भान गेलं, डोक्यातली कटकट थांबली, आणि हे तिने रिकला सांगितलं. तो म्हणाला, तू सांगतेयस ते तर ध्यानाचंच वर्णन झालं. मग दोघांनी मिळून ते कुणालाही जमेल असं बसवलं. ही गोष्ट सांगताना लोक 'ध्यान' या शब्दावर जोर देतात. मी 'सांगितलं' या शब्दावर देते. ती गप्प बसली असती तर एक सुंदर अक्षर तेवढं पुरं झालं असतं. आणि तिने सांगितलं ते नक्षी कशी झाली याबद्दल नव्हतं, काढताना काय झालं याबद्दल होतं.

आता टाइलकडे बघ. साडेतीन इंच चौकोनी, म्हणजे 89 मिलिमीटर. एका बैठकीत संपते, शर्टाच्या खिशात मावते, हे तर आहेच. पण तिला वरची-खालची बाजू नाही हे तुझ्या लक्षात आलंय का? काढताना आपण ती फिरवत राहतो, म्हणून कुठल्याही बाजूने बघता येते. आणि म्हणूनच ती दुसऱ्याच्या टाइलला चिकटवून ठेवता येते. वर्ग संपला की सगळ्यांच्या टाइल एकत्र, कडेला कड लावून मांडायच्या, असा प्रघात आहे. त्याला मोझेक म्हणतात. ते एकदा डोळ्यांनी बघायला हवं. एकीची चौकट ओलांडून रेघ दुसरीत शिरल्यासारखी दिसते. कुणाचं काळं जास्त झालेलं असतं, ते शेजारच्या फिकट टाइलमुळे सावरतं. आपली कुठली हे शोधायलाच दोन मिनिटं लागतात. आमच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा सगळ्यांचे फोटो जोडून मी जो एक मोठा चौकोन टाकते, तो हाच. तू त्यात स्वतःची टाइल शोधून ती बोटांनी मोठी करून बघतोस, हो ना? मीही पहिलं वर्षभर तेच केलं.

रुखवत दाखवायचं असतं. पंगतीत पान मांडायचं असतं. तू टाइल ग्रुपवर टाकतोस तेव्हा ती पंगतीतलं एक पान समज, एवढंच मला म्हणायचंय. बाकीचं पत्र त्याच्याच आजूबाजूचं आहे.

माझ्या आजीकडे रांगोळीची वही होती. तिच्यात चित्रं कमी आणि आकडे जास्त. "15 ते 8, मधले ठिपके", एवढंच पानाच्या डोक्यावर. म्हणजे मधली ओळ पंधराची, मग वर आणि खाली एकेक कमी करत आठपर्यंत. एकूण 169 ठिपके. रोज ते कोण मोजत बसणार, म्हणून जाड कागदाला उदबत्तीने भोकं पाडून ठेवलेली असत. कागद जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची, अलगद उचलायचा. तो कागद दिवाळीत अख्ख्या वाड्यात फिरायचा. परत यायचा तेव्हा त्याला कुणाकुणाच्या घरचा गेरू लागलेला असायचा. अमकीने तमकीची रांगोळी चोरली, असं मी कधी ऐकलं नाही. कुणी दारात थांबून वहीत उतरवून घेतली तर उलट आजी बसायला पाट द्यायची. आणि दुसऱ्या दिवशी सगळं झाडूने जायचंच, त्यामुळे कालची कुणाची सरस होती हे कुणी धरून बसत नसे.

नाही, हे मी खोटं लिहिलं. आजी धरून बसायची. समोरच्या काकूंची वेल एका ठिपक्याने चुकली होती, हे ती पुढच्या मे महिन्यातही सांगायची. पण कागद त्यांच्याकडे दरवर्षी जायचा.

झेंटँगलचंही असंच आहे. कुणी नवा टँगल, म्हणजे नक्षीचा नवा नमुना, बसवला की तो कसा काढायचा हे छोट्या छोट्या चौकटींत एकेक पायरी दाखवत मांडतात. त्याला स्टेप-आउट म्हणतात. आपला उदबत्तीचा कागद. तो बिनधास्त वापर, तो त्यासाठीच असतो. मात्र टाकताना टँगलची नावं खाली लिहीत जा: क्रेसेंट मून, टिपल, कॅडेंट, जे काय असेल ते. ज्याने बसवला त्याचं नाव माहीत असेल तर तेही. कुणाची अख्खी टाइल समोर ठेवून रेघ न् रेघ उतरवलीस तर सरळ तसं सांग. त्यात लाज नाही, न सांगण्यात आहे. आणि हो, 'झेंटँगल' हा नोंदणी केलेला ट्रेडमार्क आहे. उद्या सोसायटीत फी घेऊन वर्ग काढावेसे वाटले तर फलक रंगवण्याआधी त्यांचे नियम वाच. शिकवणाऱ्यांसाठी त्यांचं वेगळं प्रशिक्षण आहे, ते केलेल्यांना सीझेडटी, म्हणजे सर्टिफाइड झेंटँगल टीचर, म्हणतात. मी ते केलेलं नाही. मी फक्त ग्रुप सांभाळते आणि गुड मॉर्निंगची फुलं पुसते.

आता जे लिहायला बसले ते.

सातेक वर्षांपूर्वी ग्रुपवर एक बाई नवीन आल्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी टाइल टाकली. क्रेसेंट मून होता. तुला माहीत आहे तो, कडेने काळे अर्धचंद्र काढायचे आणि प्रत्येकाभोवती वलयावर वलय घालत जायचं, शेजारच्या वलयाला भिडेपर्यंत. त्यांचे चंद्र लहानमोठे झाले होते, वलयं मध्येच तुटली होती, सावली उलट्या बाजूला पडली होती. मला तेव्हा नुकतंच बरं जमायला लागलं होतं, आणि नुकतंच जमायला लागलेल्या माणसाइतका वाईट शिक्षक नसतो. मी त्यांच्या फोटोवर लाल गोल काढले. इथे आणखी एक वलय हवं, इथे हात हलका ठेवा, असं लिहून तो फोटो सगळ्यांसमोर परत टाकला. मदत म्हणूनच. त्यांनी "धन्यवाद ताई" लिहिलं. दोन दिवसांनी त्या ग्रुपमधून गेल्या.

त्यांनी दोन फोटो टाकले होते. दुसरा मी उघडलाच नव्हता. तो टाइलच्या मागच्या बाजूचा होता. तारीख, आणि खाली बॉलपेनने: "डायलिसिसच्या खोलीबाहेर. ह्यांचा दुसरा तास. आज पहिल्यांदा घड्याळाकडे बघितलं नाही."

मी माफीचा मेसेज पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. विचारल्याशिवाय कुणी कुणाच्या टाइलमधली चूक काढायची नाही. तुला तो जरा मिळमिळीत वाटतो हे मला कळतं, तू एकदा तसं बोलूनही दाखवलंस: "मग शिकणार कसं?" शिकायचं असेल तर विचार. "माझी सावली अशी चपटी का दिसते?" असं विचारलंस की दहाजणी धावून येतील, नको नको होईल. पण न विचारता नको.

मग दुसऱ्याच्या टाइलखाली लिहायचं काय? 'छान', 'मस्त', 'अप्रतिम' यांना माझा विरोध नाही, पण ते देवळासमोरून जाताना चप्पल न काढता केलेल्या नमस्कारासारखं आहे. जिथे डोळा थांबला ती जागा सांग. "डावीकडचा कोपरा तुम्ही कोरा सोडलात, मी तिथेच घुटमळलो." बास. यासाठी टाइल खरंच बघावी लागते, आणि ते रोज पाचजणांच्या बाबतीत जमत नाही. एकाच्या बाबतीत जमव. मला विचारशील तर आपली टाइल टाकण्यापेक्षा हे काम जास्त शिकवतं.

स्वतःची टाकताना घाई नको. रात्री काढलीस तर सकाळी टाक. पायऱ्या आठ आहेत बघ: पहिली म्हणजे पेन उचलण्याआधी क्षणभर हातातल्या कागदाचे, पेनचे आभार मानणं, मग कोपऱ्यांतले ठिपके, चौकट, स्ट्रिंग (चौकटीचे भाग पाडणारी पेन्सिलची फिकट रेघ), टँगल, पेन्सिलची सावली, सातवीला पुढे आद्याक्षरं आणि मागे नाव, तारीख, मनात आलेलं काही, आणि आठवी, टाइल हात लांब करून धरायची आणि बघायची. नुसती बघायची. बहुतेक लोक सातवीला फोन काढतात आणि आठवी दुसऱ्यांवर सोपवतात.

माझी एक टाइल एकदा गाजली होती. एकोणतीस अंगठे. पुढचे तीन आठवडे मी तेच गोल, त्याच पाकळ्या, तीच काळी पार्श्वभूमी काढत राहिले. पूर्वी कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या नाहीत इतकी गुंगायचे. त्या तीन आठवड्यांत ओट्यावरचा फोन थरथरला की माझी रेघ थरथरायची. शेवटी काढताना फोन पिठाच्या डब्यामागे ठेवायला लागले. तुझ्या हॉस्टेलवर पिठाचा डबा नसेल, बादलीमागे ठेव.

किरकोळ गोष्टी उरकते. वहीच्या कागदावर शाई फुटते, कार्ट्रिज कागदाचे चौकोन कापून घे, स्टेशनरीवाला कटरवर कापून देतो. 01 नंबरचा मायक्रॉन पेन तुझ्याकडे आहेच, पाव मिलिमीटरची रेघ आणि पाण्याने न पसरणारी शाई. फक्त दाबू नकोस, टोक आत जातं. फोटो खिडकीशी, सकाळच्या उजेडात घे, रात्री दिव्याखाली पेन्सिलची सावली मातकट येते. फोन टाइलला समांतर धर, नाहीतर चौकोनाचा पतंग होतो. फिल्टर नको.

ध्यानाबद्दल विचारलंस. इगतपुरीला दहा दिवस मौन पाळून आलेल्या माझ्या दोन मैत्रिणी आहेत, त्यांच्यासमोर मी हा शब्द जपून वापरते. अर्धा तास एका रेघेमागे दुसरी ओढताना मन फार लांब पळत नाही, एवढं मी स्वतःच्या अनुभवाने सांगू शकते. परीक्षेआधी झोप येत नाही म्हणालास, त्यावर हे औषध समजू नकोस. दोन-तीन आठवडे तसंच राहिलं तर डॉक्टरकडे जा, आणि आईला सांग. तिला मी सांगणार नाही.

आणि मुलगे तुला 'रांगोळीवाला' म्हणतात, त्याचं काय करायचं ते मला माहीत नाही. एकाला पेन देऊन बघ.

तुझी,
काकू

ता. क. तुझी न टाकलेली तिसरी टाइल. पॅरॅडॉक्स नावाचा टँगल. कोपऱ्यातून निघायचं, पुढच्या बाजूवर कोपऱ्याच्या जरा अलीकडे टेकायचं, कागद फिरवायचा, टेकलो तिथूनच पुन्हा निघायचं; एकही रेघ वाकडी नाही आणि तरी भोवरा फिरताना दिसतो. खालच्या उजव्या चौकोनात तुझी सहावी की सातवी रेघ फार आत टेकलीय. तू खोडरबर शोधला असशील. मग त्यापुढच्या सगळ्या रेघा तिच्या कलाने गेल्या, आणि त्या एकाच चौकोनातला भोवरा एका अंगाला दाटून आलाय, पाणी मोरीत जाताना वळतं तसा. मी तिथे थांबले. मागच्या बाजूला काय लिहिलंयस?