ठणका असला की मूळव्याधच, असं नाही

प्रश्न : वय ४१. शौचाला बसलं की काच चिरत गेल्यासारखं दुखतं आणि नंतर दोन-दोन तास ठणकत राहतं. मळावर लालभडक रक्ताची रेघ दिसते. दुकानातून मूळव्याधीचं मलम आणि रात्री घ्यायचं चूर्ण आणते. आठवडाभर बरं वाटतं, पुन्हा तेच. ऑपरेशनच करावं लागेल का?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : तुमच्या वर्णनावरून ही मूळव्याध नसून फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेली चीर असावी. आतली मूळव्याध रक्त पाडते, पण सहसा दुखत नाही. शौचानंतरचा लांबलेला ठणका ही चिरेची खूण. तपासून घ्याच. चीर बहुतेकदा बाहेरून बघूनच दिसते, इतकं दुखत असताना आत बोट घालायची गरज नसते. हे आवर्जून सांगतो, कारण याच धास्तीने बायका वर्षवर्ष दवाखाना टाळतात.

खडा झालेल्या मळाने कातडी फाटते, बहुधा मागच्या बाजूला मधोमध. त्यासरशी आतला स्नायू आवळून बसतो. तो आपल्या इच्छेने सैल होत नाही. आवळला की तिथला रक्तपुरवठा घटतो आणि चीर भरत नाही. दुखेल म्हणून शौच टाळलं की आतडं मळातलं पाणी आणखी शोषून घेतं. दुसऱ्या दिवशीचा खडा जास्त कडक. चूर्णात बहुधा सोनामुखी असते. ती जुलाब करवते, मग एक-दोन दिवस काहीच होत नाही, आणि त्यानंतर पुन्हा खडा. तुमचा आठवडा बहुतेक इथेच फिरतो आहे.

त्याऐवजी इसबगोल घ्या. आपल्या नीमच-मंदसौरकडेच पिकतं. एक मोठा चमचा, सुमारे ५ ग्रॅम, २५० मिली पाण्यात ढवळून फुगायच्या आत प्यायचं, वर आणखी एक ग्लास पाणी. आठवडाभराने सकाळ-संध्याकाळ करा. सुरुवातीला गॅस होतो, तो ओसरतो. पाणी कमी पडलं तर हेच इसबगोल मळ घट्ट करतं, आणि लोक म्हणतात, “मला ते मानवत नाही.” सकाळचे पोहे-जिलबी सोडा असं इंदूरकराला सांगण्यात अर्थ नाही, पण पोहे, शेव, मैदा यांवरच दिवस काढला तर चोथा कुठून मिळणार? पेरू, पालेभाजी, सालीची मूग डाळ, ज्वारीची भाकरी रोज काहीतरी असू द्या. तिखटाने चीर पडत नाही, आग मात्र वाढते.

शौचानंतर टबात कोमट पाणी घेऊन १०-१५ मिनिटं बसा. डेटॉल नको, मिठाचीही गरज नाही; ऊब लागली की स्नायू सैल पडतो, एवढंच काम. डॉक्टर बहुधा २ टक्के डिल्टियाझेमचं, म्हणजे तोच स्नायू सैल करणारं मलम देतील: वाटाण्याएवढं, दिवसातून दोनदा, कडेलाच लावायचं, ६ ते ८ आठवडे. ठणका बहुधा आधीच थांबतो, आणि घोटाळा तिथेच होतो: मलम बंद, इसबगोल बंद, अर्धवट भरलेली चीर पुन्हा फाटते. दुकानातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं, ते महिनोन्‌महिने लावल्याने कातडी पातळ होते. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, दोन्हींनी मळ घट्ट होतो. इतकं नेटाने करूनही चीर भरली नाही तरच ऑपरेशनचा विचार.

प्रश्न : मला बद्धकोष्ठ नाही, उलट दिवसातून चार-पाचदा पातळ होतं. तरी आग होते, चीर पडली आहे. असं कसं?
— राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : पातळ मळानेही कातडी सोलवटते आणि वारंवार जाण्याने चीर पडते. साबण लावून घासणं बंद करा. साध्या पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपून कोरडं करा, वर झिंक ऑक्साइडचं मलम किंवा व्हॅसलीन लावा. पण हे वरवरचं झालं. चार आठवड्यांहून जास्त दिवस पातळ होत असेल तर पोटाची तपासणी हवी. चीर मधोमध नसून बाजूला असेल, किंवा वजन घटत असेल, तर क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) किंवा आतड्याचा क्षयही बघावा लागतो.

प्रश्न : वडिलांना (वय ६८) प्रवासातून आल्यावर गुदद्वाराशी निळसर, दुखरी गाठ आली. कापून घ्यावी का?
— ग्वाल्हेर

उत्तर : बाहेरच्या मूळव्याधीत रक्त गोठलं असावं, प्रवासात पाणी कमी, शौच तुंबलेलं आणि कुंथणं, यांतून ते होतं. एकदा डॉक्टरांना दाखवा. पहिल्या दोन-तीन दिवसांत दुखणं फार असेल तर छोटी चीर देऊन गाठ काढतात. ते दिवस उलटून दुखणं ओसरत असेल तर कोमट पाण्यात बसणं आणि मळ मऊ ठेवणं पुरे. गाठ काही आठवड्यांत जिरते. ताप आला, गाठ लाल होऊन ठसठसू लागली तर मात्र तो गळू असू शकतो, त्याच दिवशी सर्जनकडे न्या. आणि रक्त पडत असेल तर या वयात ते मूळव्याधीच्या खात्यावर टाकू नका. कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीने आतून तपासण्याबद्दल, डॉक्टरांना विचारा.