ब्रोकरच्या प्रश्नासाठी 85 हजारांचा क्लास?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात लूमवर, पोरगी ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगच्या) शेवटच्या वर्षाला, पुण्याच्या कंपनीनं इंटरव्ह्यूत सांगितलं की क्लाऊडच्या वेब एपीआयमधून (प्रोग्रामनं इंटरनेटवरून माहिती मागायच्या वाटेनं) मेसेज ब्रोकरचे, म्हणजे मेसेज इकडून तिकडं पोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरचे, डिटेल्स काढून दाखव आणि तिथं ती अडकली, आता म्हणतीय आयओटी (यंत्रं इंटरनेटला जोडायचं काम) मला जमणार नाही, 85 हजार भरून डेटा सायन्सचा क्लास लावा. पतसंस्थेतून पैसे उचलू का, असं विचारताय. नका उचलू. निदान ह्या कारणासाठी तरी नको.

तुम्ही सोबत पाठवलेला तिचा कोड बघितला, चांगला आहे ओ. लूम थांबला की ईएसपी32 ह्या छोट्या वायफाय चिपवरून मेसेज जातो, लॅपटॉपवरचा मॉस्किटो नावाचा ब्रोकर तो घेतो, मोबाईलवर दिसतो. हे ज्या एमक्यूटीटीवर (यंत्रांनी मेसेज पाठवायच्या ठरलेल्या भाषेवर) चालतं ते 1999 साली तेलाच्या पाइपलाइनवर सॅटेलाइटनं नजर ठेवायला बनवलं होतं, म्हणजे नेट कमजोर असेल तिथलंच काम, आणि पोरीनं ते लूमवर आणलं. मला तर कौतुक वाटलं.

मग चुकलं कुठं? तुम्हाला कळावं म्हणून सांगतो, ब्रोकर म्हणजे आपल्या मार्केट यार्डातला आडत्या, कांदा पाठवणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नसले तरी चालतं, मधला माणूस माल बरोबर पोचवतो. तिनं इंटरव्ह्यूत काय केलं, तर एमक्यूटीटीच्या 8883 पोर्टवर कनेक्ट करून येणारे मेसेज दाखवले. त्यांना मेसेज नको होते, खुद्द ब्रोकरची माहिती पाहिजे होती. ती एमक्यूटीटीनं नाही मागायची, साध्या एचटीटीपीनं, वेबसाइट उघडते त्याच रीतीनं, मागायची.

आता हे पोरीसाठी. बाई, यांडेक्स क्लाऊडसारख्या ठिकाणी ब्रोकर ही स्वतंत्र वस्तू असते, तिथं गेट रिक्वेस्ट टाकायची, पत्त्याच्या शेवटी ब्रोकरचा आयडी, हेडरमध्ये बेअरर टोकन (आपली ओळख पटवणारा पास), की जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्रामला वाचता येईल अशा यादीत, नाव, आयडी, फोल्डर, कधी बनवला, लेबल आणि स्टेटस येतं. स्टेटस ॲक्टिव्ह आहे का ते आधी बघ. आयडी माहीत नसेल तर अगोदर लिस्टची रिक्वेस्ट. पासवर्ड त्यात शोधत बसू नको, तो येत नाही. ॲमेझॉनच्या आयओटी कोअरमध्ये वेगळंच, तिथं ब्रोकर त्यांचाच, आपण डिस्क्राइब एंडपॉइंट म्हणून खात्याचा पत्ता तेवढा विचारायचा. म्हणजे कंपनीगणिक नावं आणि ओळख पटवायची पद्धत बदलते, एचटीटीपीनं मागायची रीत तीच. आणि एरर आला की घाबरून टॅब बंद करायचा नाही: 401 म्हणजे टोकन चुकलं किंवा संपलं, 403 म्हणजे ओळख पटली पण परवानगी नाही, 404 आला तर बहुतेक आयडी चुकलाय. इंटरव्ह्यू घेणारे खरं तर हेच बघत असतात, एरर आल्यावर पोरगी काय करते ते.

दादा, म्हणूनच क्लासला नको म्हणतोय. हे सगळं कंपन्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये फुकट लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय नाही एवढंच, आणि आपल्याकडं कॉलेजात ती कोणी लावत पण नाही, जर्नल उतरवून घेतात. शिवाय एकाच कंपनीची बटणं पाठ करून भागत नाही. गूगलनं त्यांची आयओटी कोअर सर्व्हिस ऑगस्ट 2023 मध्ये बंदच केली, ज्यांना मागची रीत समजली होती ते दुसरीकडं गेले. डेटा सायन्स वाईट नाही, तिला खरंच आवड असेल तर वर्षभरानं बघू, पण एका प्रश्नाला भिऊन पळायचं म्हणून नको.

सध्या तिला एवढंच करू द्या. तो लूमचा प्रोजेक्ट लॅपटॉपवरून क्लाऊडवर न्यायचा आणि पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहायचा, जो मेसेज वाचायच्या आधी ब्रोकर किंवा एंडपॉइंटची माहिती एपीआयनं मागून घेईल. ॲमेझॉनला खातं उघडताना कार्ड लागतं, ते बहुतेक तुमचंच असणार, तेव्हा पहिल्याच दिवशी बजेट अलर्ट (खर्च वाढला की येणारा इशारा) लावायला सांगा आणि खात्याची सिक्रेट की किंवा टोकन गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) चुकूनसुद्धा टाकायचं नाही, लोक शोधतच असतात आणि बिल तुमच्या नावानं येतं.

शेवटी तुम्ही विचारलंय, त्याच कंपनीला परत विचारलं तर चालेल का. चालेल की. प्रोग्राम झाला की त्याची लिंक टाकून तिनं स्वतः एचआरला चार ओळींचा मेल करावा. तुम्ही फोन करू नका.