गाडी गरम झाली की मिसिंग मारते, इंजिन उघडू का?

आत्ताच उघडू नका. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं डोकं, उघडायच्या आधी बघण्यासारखं बरंच शिल्लक आहे, आणि त्यातलं बहुतेक घरच्या घरी बघता येतं.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: २००३ ची स्प्लेंडर, जुळे सोलापूरहून चिंचोली एमआयडीसीला रोजचं जाणं-येणं. घरून निघताना गाडी ठणठणीत. दहा-बारा किलोमीटर झाले की ताशी ४५ च्या पुढे झटके मारते (हीच मिसिंग), मधूनच सायलेन्सरमधून फाट्कन आवाज येतो. प्लग नवा, सीडीआय (प्लगला वेळेवर करंट सोडणारा डबा) नवा, कार्ब्युरेटर दोनदा साफ केला, तरी फरक नाही. आता गॅरेजवाले म्हणतात, हेड उघडू.

मी अक्कलकोट रोडला यंत्रमागावर जॉबर (माग लावणारा, दुरुस्त करणारा) आहे, २६ वर्षं झाली. मेकॅनिक नाही. पण माझ्या २००१ च्या स्प्लेंडरला हेच दुखणं सहा महिने होतं, म्हणून लिहितोय. मागावर आम्हाला पहिल्यांदा शिकवतात ते हे की चादरीत दोष दिसला तर लगेच पाना उचलायचा नाही. दोष किती अंतराने येतोय ते आधी मोजायचं. ठरावीक अंतराने येत असेल तर मागाचा फिरणारा एखादा भाग, वाट्टेल तिथे येत असेल तर बहुधा सूत. गाडीच्या मिसिंगचंही तसंच बघा. ती *कधी* मारते हे नीट लिहून काढलं तर निम्मं काम झालं. तुमच्या बाबतीत सुटे भाग बदलले गेले, पण हा प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाही.

चार दिवस खिशात छोटी वही ठेवा. गाडी थंड होती की गरम, चढ होता की सपाट, ॲक्सिलरेटर किती पिळला होता, टाकीत पेट्रोल किती होतं, हँडल वळवताना झालं का, खड्ड्यात आदळल्यावर झालं का. एवढंच.

त्यातून आधी एक मोठी वाटणी करायची: करंट की पेट्रोल. पेट्रोल कमी पडतं तेव्हा गाडीला धाप लागल्यासारखं होतं. ओढ हळूहळू जाते, ॲक्सिलरेटर सोडला की परत येते. करंट तुटतो तेव्हा कुणीतरी स्विच खटाखट चालू-बंद करावा तसा झटका बसतो, एकदम जातो आणि एकदम येतो. त्या वेळी न जळलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरमध्ये जातं आणि पुढच्या धगीने तिथे पेटतं, म्हणून तो फाट्कन आवाज. तुमचं वर्णन मला करंटकडे झुकणारं वाटतं. पण खात्रीसाठी एक सोपी गोष्ट करा: मिसिंग चालू असतानाच, रस्ता मोकळा बघून, चोक (पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) अर्धा ओढा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी येतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय. आणखी बिघडली तर पेट्रोल आधीच जास्त आहे. काहीच फरक पडला नाही तर करंटच्या मागे लागा.

आता माझ्या गाडीचं सांगतो.

तुळजापूर रस्त्याला हिप्परगा तलाव मागे पडला की माझी गाडी झटके द्यायची. मी प्लग बदलला, मग कॉइल (प्लगसाठी व्होल्टेज वाढवणारी गुंडाळी) बदलली. कुणीतरी सांगितलं म्हणून एअर क्लीनरही बदलला. शेवटी एका रात्री लाइट गेलेली असताना अंगणात गाडी चालू करून बसलो होतो आणि प्लग कॅपच्या (प्लगवर बसणाऱ्या टोपीच्या) तोंडाशी निळसर बारीक तिरीप दिसली. दिसली आणि गेली. सकाळी कॅप काढली. ही कॅप ओढून काढायची नसते, आत स्क्रूसारखी पीन असते, डावीकडे फिरवून सोडवायची. आत हाय टेन्शन वायरचं (कॉइलमधून प्लगला येणाऱ्या जाड वायरचं) टोक हिरवं पडलं होतं. तांब्याच्या बारीक तारांवर हिरवी पूड, तीन-चार तारा तर हात लावताच तुटल्या. पावसाळ्यात गाडी धुताना कधीतरी पाणी शिरलं असणार. थंड असताना ते टोक कसंबसं टेकून राहायचं, गरम झालं की सगळं थोडं फुगायचं आणि मध्ये केसाएवढी फट पडायची. वायर सात-आठ मिलिमीटर कापली, आतलं तांबं लखलखीत दिसेपर्यंत, नवी कॅप आवळून बसवली. त्या दिवसापासून आजपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही.

म्हणून तुम्हीही सुरुवात इथूनच करा. फक्त वायर हावरेपणाने कापू नका. ती कॉइलमध्ये कायमची घट्ट बसवलेली असते, एकदा तोकडी झाली की कॉइलच बदलावी लागते. कॅपमध्ये बहुधा रेझिस्टर असतो, मल्टिमीटरवर (रोध मोजायच्या मीटरवर) साधारण ५ किलोओहम दाखवतो. त्याच्या कितीतरी पट जास्त दाखवला किंवा काहीच दाखवलं नाही, तर कॅप गेली.

करंट बघताना एक चूक सगळेच करतात. प्लग बाहेर काढून, धातूला टेकवून किक मारतात, ठिणगी दिसली की म्हणतात करंट ओके. पण उघड्या हवेत ठिणगी पडणं सोपं आहे. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते, त्या दाबात तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे बाहेर दिसणारी ठिणगी आतही पडतच असेल असं नाही. ठिणगी निळी-पांढरी आणि ‘चट्’ असा आवाज करणारी हवी. बारीक, पिवळट-केशरी, आवाज नसलेली असेल तर करंट अशक्त आहे. बाजारात फट वाढवता येणारा स्पार्क टेस्टर मिळतो. त्यावर सहा मिलिमीटरची उडी मारतो का बघा, गाडी गरम असताना बघा. थंड गाडीवर केलेल्या तपासणीचा तुम्हाला उपयोग नाही, कारण दोष थंडपणी नाहीच.

हे करताना दोन गोष्टी सांभाळा. प्लग ज्या भोकातून काढला त्याच्यापासून ठिणगी लांब ठेवा, किक मारली की तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. आणि प्लग धातूला न टेकवता किक मारू नका, तो करंट वाट न मिळाल्याने कॉइल किंवा सीडीआय फोडतो.

कॅप चांगली निघाली तर पुढे कॉइल आणि मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरून करंट तयार करणाऱ्या चाकाच्या) कव्हरच्या आतली पिकअप कॉइल, म्हणजे ठिणगीची वेळ सीडीआयला सांगणारी. यांची गुंडाळी गरम झाल्यावर आतल्या आत सुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडली जाते, हे खूप गाड्यांत होतं. मोजमाप दोनदा घ्या: सकाळी थंड असताना, आणि मिसिंग सुरू झाल्यावर रस्त्याच्या कडेला. मल्टिमीटर डबा-पाण्याच्या पिशवीत मावतो. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो, म्हणजे ६० अंशांनी तापलेली कॉइल पाव हिश्श्याने जास्त दाखवेल. ते बघून घाबरू नका, ते बरोबर आहे. पण आकडा दुप्पट झाला किंवा मीटर काहीच दाखवेनासा झाला, तर चोर सापडला.

बॅटरीवर संशय घेऊ नका. या जुन्या स्प्लेंडरमध्ये प्लगचा करंट मॅग्नेटकडून थेट येतो, बॅटरी पार बसलेली असली तरी गाडी किकवर चालू होते. मात्र किल्लीच्या स्विचची तार बघा, काळी-पांढरी असते. किल्ली बंद केली की ती तार अर्थ होते आणि इंजिन बंद पडतं. हीच तार हँडलच्या मानेपाशी घासून सोलली असेल, तर चालत्या गाडीत चेसीला टेकते आणि क्षणभर इंजिन बंद. वीस-बावीस वर्षांच्या गाडीत वायरिंग तिथे घासलेलं असणारच. गाडी उभी करून चालू ठेवा, हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा, तारांचा जुडगा हाताने हलवा. संशय असेल तर सीडीआयपाशी ती तार सोडून एक फेरी मारा. किल्लीने गाडी बंद होणार नाही, तेव्हा घराजवळच मारा आणि बंद करायला गिअर टाकून ब्रेकवर क्लच सोडा. मिसिंग गेली, तर गाडीला दुसरं काही झालेलं नाही.

कुणाकडे जुनी पॉइंटवाली (सीडीआयऐवजी करंट उघडझाप करणारे संपर्क असलेली) बुलेट, राजदूत किंवा येझदी असेल आणि हे वाचत असेल, तर गरम झाल्यावरच्या मिसिंगला आधी कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा डबा) बघा. पॉइंटच्या तोंडावर मोठ्या निळ्या ठिणग्या दिसल्या की तो गेलाच समजा.

आता पेट्रोलची बाजू. चोक ओढल्यावर गाडी सुधारली तरच इकडे या.

टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक तर पहिल्या मिनिटाला बघा. ते बुजलं की पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरणं थांबतं. गाडी सुरुवातीला छान, दहा-पंधरा मिनिटांनी धाप. अगदी गरम होण्याच्या दोषासारखंच दिसतं, म्हणून फसायला होतं. मिसिंग सुरू झाल्यावर थांबून झाकण उघडा. ‘सुस्स’ करून हवा आत शिरली आणि लगेच गाडी नीट झाली, तर बारीक सुईने भोक मोकळं करा.

मग कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या, इंजिन थंड असताना, आणि पाच मिनिटं न हलवता ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा मोत्यासारखे थेंब दिसले, तर पाणी आहे. तांबडी पूड दिसली, तर टाकी आतून गंजली आहे, आणि मग कार्ब्युरेटर कितीही वेळा साफ करा, आठवड्यात परत तेच. २०२२ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल दहा टक्क्यांवर गेलं, २०२५ मध्ये वीसवर. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात. कार्ब्युरेटरला पेट्रोल जातं तेही तळातूनच. आपल्या जिल्ह्याच्या उसाचं भलं होत असेल तर मला आनंदच आहे, पण २००३ ची गाडी या पेट्रोलसाठी बनलेली नाही. जुने रबरी पाइप, ओ-रिंगा त्याने फुगतात, तडकतात. कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधली ओ-रिंग त्यातलीच. तिथून हवा ओढली जात असेल तर स्लोवर चालू इंजिनात त्या सांध्यावर साबणाचं पाणी ब्रशने लावा, इंजिनाचा सूर बदलेल. पेट्रोल किंवा स्प्रे मारू नका, शेजारी तापलेला सायलेन्सर आहे.

हे सगळं चांगलं निघालं, तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट. लोक म्हणतात, माझ्या इंजिनात टॅपेटचा आवाजच नाही, म्हणजे मस्त आहे. मला उलट अशा गाडीची काळजी वाटते. फट फारच कमी असेल तर आवाज येत नाही, आणि इंजिन तापलं की उरलेली फटही संपते. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळतं, गाडी ओढत नाही. ओळखायची खूण: सकाळी किक जड लागते आणि गरम गाडीची किक हलकी, पाय सरळ खाली जातो. टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतानाच, म्हणजे रात्रभर उभी राहिलेली असताना, मॅग्नेटवरची ‘टी’ची खूण जुळवून, कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालूनच सेट करून घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा दुपारी दोनला उन्हात उभी असलेली गाडी थंड समजून टॅपेट लावू देऊ नका. किती फट ठेवायची ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे, अंदाजाने नको.

टॅपेट बरोबर करूनही गरम इंजिनाची किक हलकीच लागत असेल, तर कॉम्प्रेशन गेजने थंड आणि गरम असं दोन्ही वेळा मोजून घ्या. गरम असताना कॉम्प्रेशन बरंच पडत असेल तर व्हॉल्व्ह किंवा पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. तेव्हा तुमचे गॅरेजवाले बरोबर आणि हेड उघडायलाच हवं. पण मोजल्याशिवाय नाही. आणि काहीही करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, मगच फेरी मारा. तुमच्या गाडीत प्लग आणि सीडीआय एकाच दिवशी बदलले गेले, त्यामुळे जुना सीडीआय चांगला होता की वाईट हे आता कळायला मार्ग नाही. तो फेकला नसेल तर ठेवून द्या, बहुधा चांगलाच असेल.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत प्लग कॅप फिरवून काढा आणि वायरचं टोक उजेडात बघा. हिरवं किंवा काळं असेल तर बाकीचं काहीच करू नका. कापा, नवी कॅप लावा आणि गाडी तुळजापूरपर्यंत नेऊन आणा. पंचेचाळीस किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे, शेवटी घाटही आहे, दोष असेल तर लपणार नाही. टोक स्वच्छ निघालं तर चोक ओढल्यावर काय झालं ते इथे लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.