'लीव्ह' म्हणजे सोडणे की परवानगी? ब्रिटनला निघालेल्या एका परिचारिकेस उत्तर

ऐरोलीहून आपण विचारले आहे की, ब्रिटनच्या नोकरीच्या आणि व्हिसाच्या कागदांत 'लीव्ह' हा शब्द पानोपानी येतो, शब्दकोशात त्याचा पहिला अर्थ 'सोडून जाणे' असा दिसतो, मग 'लीव्ह टू रिमेन' म्हणजे जायचे की राहायचे? मी 2016 साली ठाण्याहून इकडे आलो, तेव्हा मलाही हाच शब्द अडला होता आणि त्याचा मनस्तापही मी सोसला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

या शब्दाची किल्ली आपल्या घरातच आहे. आपण भाड्याच्या घरात राहता असे लिहिले आहे, तेव्हा अकरा महिन्यांचा तो करार एकदा काढून पाहा. त्याचे नावच 'लीव्ह अँड लायसन्स' आहे. पाचपाखाडीत आमचा करार झाला, तेव्हा एजंट लॅपटॉप, छोटा कॅमेरा आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी आला होता. माझा अंगठा यंत्राने दोनदा नाकारला आणि आईने ओले फडके आणून तो पुसल्यावर तिसऱ्यांदा घेतला, इतके मला ते स्वच्छ आठवते. परंतु मुदत संपली की घर सोडायचे, म्हणून करारात 'लीव्ह' आहे, अशीच माझी तेव्हा समजूत होती. ती चुकीची होती. तेथे 'लीव्ह'चा अर्थ परवानगी असा आहे: घरमालक घरावरचा हक्क देत नाही, केवळ राहण्याची मुभा देतो.

वास्तविक इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत आणि काळाच्या ओघात त्यांचे रूप एक झाले. परवानगी या अर्थाचे नाम एका जुन्या शब्दापासून आले, तर सोडणे, मागे ठेवणे या अर्थाचे क्रियापद दुसऱ्यापासून. नामासाठी आपल्याकडे 'रजा' हा अगदी नेमका शब्द आहे. 'रजा' अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि त्याचा मूळ अर्थ संमती असाच आहे. कामावरून मिळते ती रजा, आणि 'आता आपली रजा घेतो' म्हणून निरोप घेतो तीही रजाच. इंग्रजीतील 'टेक लीव्ह'चा प्रवासही असाच झाला आहे. म्हणून कागदात 'लीव्ह' नाम म्हणून आले, की तेथे मनातल्या मनात 'रजा' ठेवून वाचावे.

तसे वाचले की 'लीव्ह टू रिमेन' म्हणजे राहण्याची परवानगी, 'लीव्ह टू एंटर' म्हणजे प्रवेशाची परवानगी, आणि न्यायालयाच्या भाषेत 'लीव्ह टू अपील' म्हणजे अपिलाची परवानगी. ही भाषा 1971 च्या इमिग्रेशन कायद्यातली आहे. अलीकडच्या नियमांत तिच्याऐवजी 'परमिशन टू स्टे' असे सोपे शब्द दिसतात. दोन्हींचा अर्थ एकच समजावा. 'इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन' म्हणजे बेमुदत राहण्याची परवानगी आणि तिचा समानार्थी शब्द 'सेटलमेंट'. मी आलो तेव्हा ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचा की त्यात राहायचे, यावरचे जून 2016 चे सार्वमत नुकतेच झाले होते आणि त्यात 'लीव्ह' व 'रिमेन' हे एकमेकांविरुद्धचे दोन पक्ष होते. त्यामुळे ते दोन शब्द एकाच ओळीत शेजारी पाहून मी किती गोंधळलो असेन, हे आपण समजू शकाल.

कुशल कामगारांच्या व्हिसावर ही बेमुदत परवानगी आजवर 5 वर्षांनंतर मागता येत आली आहे. ती मुदत वाढवण्याचा प्रस्ताव सरकारने मे 2025 मध्ये मांडला, म्हणून अर्जाच्या वेळी लागू असलेला नियम पाहूनच बेत ठरवावा. बेमुदत परवानगी मागण्याआधीच्या त्या वर्षांत कोणत्याही 12 महिन्यांत 180 दिवसांपेक्षा अधिक काळ देशाबाहेर राहून चालत नाही. आईवडिलांच्या आजारपणासाठी पुन्हा पुन्हा भारतात जावे लागते, तेव्हा हे दिवस भरभर संपतात. जाण्यायेण्याच्या तारखा पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेवाव्यात, असे मी कळकळीने सांगतो.

आता नोकरीतील रजा. मराठीत सुट्टी आणि रजा यांत जो भेद आहे, तो येथे उपयोगी पडतो. सुट्टी सर्वांना असते, रजा मागून घ्यावी लागते. 'बँक हॉलिडे' ही सुट्टी आणि 'ॲन्युअल लीव्ह' ही रजा. मात्र बोलताना ब्रिटिश माणूस स्वतःच्या रजेलाही 'हॉलिडे'च म्हणतो. 'व्हेकेशन' हा अमेरिकेचा शब्द आहे. कायद्याने वर्षाला 5.6 आठवडे, म्हणजे आठवड्यात पाच दिवस काम करणाऱ्याला 28 दिवस पगारी रजा मिळते, परंतु मालक बँक हॉलिडे त्यातच मोजू शकतो. एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, रुजू होताना 27 दिवस आणि त्यावर 8 बँक हॉलिडे मिळतात. आपले रुग्णालय खासगी असेल, तर बँक हॉलिडे धरून किती आणि वगळून किती, हे लेखी विचारून घ्यावे.

आपण सारे 'माझ्या दहा लीव्ह्ज उरल्या' असे म्हणतो. ब्रिटनमध्ये 'लीव्ह्ज' म्हणजे झाडाची पाने. 'टेन डेज लीव्ह' असे म्हणावे. क्रियापदाचा धोका याहून मोठा आहे. पहिल्याच वर्षी गणपतीसाठी रजा हवी होती, म्हणून मी वरिष्ठांना लिहिले की मी शुक्रवारपासून 'लीव्हिंग' आहे. त्यांनी मला बंद खोलीत बोलावून कशाने दुखावलो असे गंभीरपणे विचारले, तेव्हा माझ्या लक्षात आले की मागितली रजा आणि पोहोचला राजीनामा. ('राजी' आणि 'राजीनामा' हे 'रजा'च्याच धातूतून आले आहेत, त्या दिवशी मात्र मला हे ठाऊक नव्हते.) दोन दिवस मला झोप लागली नाही. तेव्हा रजेसाठी 'ऑन लीव्ह' किंवा 'टेकिंग लीव्ह' लिहावे. नुसते 'लीव्हिंग' लिहू नये.

नियुक्तिपत्रात आपल्याला आढळलेली 'गार्डन लीव्ह' बागेसाठी नसते. राजीनाम्यानंतरच्या नोटिशीच्या काळात पगार चालू ठेवून कामावर येऊ नका असे सांगतात, ती ही रजा. त्या मुदतीत दुसरीकडे रुजू होता येत नाही. जवळचे माणूस गेल्यास 'कम्पॅशनेट लीव्ह' मिळते, तिचे दिवस आणि पगार मालकागणिक बदलतात.

क्रियापदाच्या जागी नेमका शब्द वापरला, तर घोटाळा टळतो: नोकरी सोडताना 'रिझाइन', घर रिकामे करताना 'व्हेकेट', मृत्युपत्राने मागे ठेवताना 'बिक्वीद'. ऐरोलीचे घर सोडण्याची नोटीस घरमालकांना इंग्रजीत देणार असाल, तर तीत 'व्हेकेट' आणि तारीख लिहावी, आणि अनामत रक्कम परत मिळाल्याची पावती विमानात बसण्यापूर्वी हातात घ्यावी.