रिप्लेमध्ये बाण भरकटतात तेव्हा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, व्हिडिओही थांबवत थांबवत पाहिला. किल्ल्याच्या वेढ्याचा गेम, युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला. खेळताना सगळं नीट चालतं. पण रिप्ले, म्हणजे झालेला खेळ नोंदीवरून पुन्हा दाखवणं, लावला की कधीकधी मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरी रेघ चमकून जाते, स्लायडर मागे ओढला की काही बाण हवेत लटकून राहतात आणि काही बाण भिंतीत रुतण्याआधीच नाहीसे होतात. धनकवडीतल्या खोलीवर दोघं तीन रात्री जागलात असं लिहिलंय, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आधी कोडला हात लावू नका. नोंद चुकीची आहे की चित्र, एवढंच आधी ठरवा. नोंदवलेल्या प्रत्येक जागेवर एक ठिपका काढा, ठिपक्याशेजारी बाणाचा क्रमांक आणि टिकचा (गेमच्या हिशेबातल्या एका ठरावीक छोट्या पावलाचा) आकडा लिहा, आणि रिप्ले एकेक टिक पुढे सरकवा. ठिपके बरोबर असून बाण भलतीकडे असेल तर दोष दाखवण्यात आहे. ठिपकेच चुकले असतील तर नोंद करणाऱ्या कोडकडे वळा. याला अर्धा तास लागतो. तुम्ही ज्या तीन रात्री अंदाजाने बदल करत बसलात, त्या यात वाचल्या असत्या.

पांढऱ्या रेघेचं कारण मला व्हिडिओवरूनच दिसतंय. तुम्ही बाण पुन्हा पुन्हा वापरता, म्हणजे २०० बाणांचा 'पूल' (आधीच बनवून ठेवलेला साठा) आहे आणि पडलेला बाण परत धनुष्यावर चढतो. ते योग्यच आहे. पण नोंदीत तुम्ही पुलातला क्रमांकच बाणाची ओळख म्हणून लिहिता. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो. १७ नंबरचा बिल्ला सकाळी एकाकडे असतो, दुपारी दुसऱ्याकडे. नुसत्या बिल्ल्यावरून माणूस ओळखायला गेलात तर एकाच्या पायात दुसऱ्याच्या चपला जाणार. तुमच्या रिप्लेत तेच होतं: १७ नंबरचा बाण तटाखाली संपला, पुढच्या नोंदीत १७ नंबर बुरुजावरून सुटला, आणि इंटरपोलेशनने, म्हणजे दोन नोंदींच्या मधल्या जागा भरणाऱ्या हिशेबाने, या दोन जागा इमानदारीने जोडून दिल्या. म्हणून सुटणाऱ्या प्रत्येक बाणाला वाढत जाणारा नवा क्रमांक द्या, आणि क्रमांक वेगळा असेल तर दोन नोंदींच्या मधली जागा कधीच काढू नका. शिवाय बाणामागची शेपूट ट्रेल रेंडररची, म्हणजे हलत्या वस्तूमागे रेघ काढणाऱ्या युनिटीच्या भागाची, आहे. बाण नव्या जागी ठेवल्यानंतर तिचं क्लिअर (रेघ पुसणारं फंक्शन) बोलवा. आधी बोलवलंत तर रेघ राहतेच, कारण शेपूट जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत पुन्हा ताणली जाते.

लटकणारे बाण हा खरा मुद्दा आहे. तुमचा रिप्ले 'बाण सुटला' आणि 'बाण संपला' या घटना ऐकून चालतो. गेममध्ये काळ एकाच दिशेने जातो, त्यामुळे तिथे हे चालून जातं. स्लायडर ओढला की मधल्या घटना कुणी ऐकतच नाही. ज्याची 'संपला' ही घटना उडी मारताना ओलांडली गेली, तो बाण तिथेच लटकतो. यावर 'स्लायडर हलला की सगळे बाण पुसा' असं ठिगळ लावू नका. मग जे बाण त्या क्षणी खरोखर हवेत होते तेही जातील.

त्यापेक्षा बाणाच्या दोनच नोंदी ठेवा: जन्म आणि अंत. जन्माच्या नोंदीत टिक, जागा आणि वेग. अंताच्या नोंदीत टिक आणि नेमकी जिथे लागला ती जागा. कुठल्याही टिकला पडद्यावर कोण, याचं उत्तर मग सरळ मिळतं: ज्यांचा जन्म त्या टिकला किंवा आधी झाला आणि अंत त्यानंतर आहे, ते सगळे. पुढे जा, मागे या, उडी मारा, उत्तर तेच येतं. दीड सेकंद उडणाऱ्या बाणाच्या, सेकंदाला ५० टिक धरले तर, ७५ जागा लिहिण्याऐवजी दोन नोंदी पुरतात.

मधली जागा सूत्राने काढायची, पण इथे एक खाच आहे. तुमच्या कोडमध्ये दर टिकला आधी वेगात गुरुत्वाकर्षण मिळवलं जातं आणि मग त्या नव्या वेगाने बाण सरकतो. अशा पद्धतीत बाण शाळेतल्या सूत्रापेक्षा थोडा खाली जातो. ०.०२ सेकंदाच्या टिकला, २ सेकंदांच्या उड्डाणात, हा फरक जवळजवळ २० सेंटीमीटर होतो. तटाच्या जंगीतून (मारा करण्यासाठी ठेवलेल्या भोकातून) आत शिरलेला बाण रिप्लेत दगडावर आपटलेला दिसायला एवढं पुरेसं आहे. म्हणून घसरण काढताना काळाच्या वर्गाचं अर्धं घेऊ नका. झालेले टिक गुणिले त्याहून एक जास्त, त्याचं अर्धं, गुणिले ०.०२ चा वर्ग, गुणिले ९.८१, असं काढा. गेमशी तंतोतंत जुळेल. तुमच्या बाणांवर वारा नाही म्हणून हे सोपं आहे.

तोफगोळे टप्पा खातात, तर प्रत्येक टप्प्याला नवा जन्म लिहा. पुण्यात स्वारगेटला बस दिसली आणि पुढची नोंद थेट वडगाव बुद्रुकला असेल, तर मधली सरळ रेघ तळजाईच्या टेकडीवरून जाते. बस तशी गेलेली नसते. टप्प्याच्या अलीकडची आणि पलीकडची जागा जोडली की गोळा असाच जमिनीला न टेकता वळतो.

भिंतीआधी नाहीसे होणारे बाण याच बदलाने सुटतील. आत्ता तुम्ही दर पाचव्या टिकला जागा लिहिता, म्हणजे १०० मिलिसेकंदांनी. ४० मीटर प्रति सेकंद वेगाचा बाण तेवढ्यात ४ मीटर जातो. शेवटची नोंद भिंतीच्या ३ मीटर अलीकडची असेल तर बाण तिथेच संपणार.

एक गोष्ट मात्र जपा, माझे त्यात दोन आठवडे गेलेत. आमच्या एका जुन्या प्रकल्पात माणसं १०० मिलिसेकंद मागच्या वेळेनुसार काढली जात आणि गोळ्या चालू वेळेनुसार. रिप्लेत गोळी धावणाऱ्या माणसाच्या अर्धा मीटर पुढे, रिकाम्या हवेत फुटायची. आम्ही टक्कर ओळखणारा कोड तपासत बसलो आणि त्यात काहीच चूक नव्हती. घोडेस्वार, बाण, धूळ, सगळं एकाच टिकच्या आकड्यावरून काढा.

कुणी म्हणेल, नुसती बटणं नोंदवा आणि गेम पुन्हा चालवा. १९९३ च्या डूम या गेममध्ये तसंच होतं, सेकंदाला ३५ टिक आणि दर टिकला प्रत्येक खेळाडूचे ४ बाइट. सुंदर पद्धत आहे, पण तुमचा गेम दशांशी आकड्यांवर चालतो, वेगळ्या यंत्रावर हिशेब किंचित हलू शकतो, आणि मागे जायचं तर आधीच्या एखाद्या स्नॅपशॉटपासून (एका क्षणाच्या जपून ठेवलेल्या पूर्ण स्थितीपासून) पुन्हा चालवावं लागतं. सादरीकरण तोंडावर असताना यात पडू नका.

बदल झाल्यावर ही चाचणी करा: सुरुवातीपासून चालवत १५०० व्या टिकवर, म्हणजे तिसाव्या सेकंदावर, थांबा आणि हवेतल्या बाणांचे क्रमांक व जागा फाइलमध्ये लिहा. मग रिप्ले शेवटाला नेऊन तिथून मागे उडी मारत त्याच टिकवर या आणि पुन्हा लिहा. दोन्ही फाइल अक्षरशः सारख्या हव्यात. फरक निघाला तर ज्या पहिल्या बाणाशी त्या वेगळ्या होतात, त्याच्या जन्माची आणि अंताची नोंद इथे टाका, मी रात्री बघतो.